दर तीन आठवड्यांनी परत येणारं बॅक फायर: जुन्या पेट्रोल पिकअपचा दोष कसा शोधला

आमच्याकडे महिंद्राची १९७१ ची फॉरवर्ड कंट्रोल पिकअप आहे. वडिलांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती. चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल इंजिन, २,१९९ सीसी. वाईच्या आसपासचा शेतमाल, हळदीची पोती, हंगामात पाचगणीकडून स्ट्रॉबेरीचे क्रेट, एवढं काम ती आजही करते. गेल्या वर्षी मात्र तिने आम्हाला रडवलं. पसरणी घाटात भरल्या गाडीने चढ लागला की सायलेंसरमधून बार उडाल्यासारखा आवाज. गाडी गॅरेजला न्यायची, काहीतरी बदलायचं, ती सुतासारखी सरळ व्हायची, आणि साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

वर्षभरात हे पाच वेळा झालं. आधी प्लग बदलले. मग कॉइल. मग कंडेन्सर. मग कार्बोरेटर उतरवून साफ केला. पाचव्यांदा प्लगच्या वायर. दर वेळी गाडी सुधारली आणि दर वेळी आम्हाला वाटलं की आता दोष सापडला. गोम इथेच होती. आमच्या ओळखीचे एक वयस्कर इलेक्ट्रिशियन काका आहेत, पेट्रोल जीपच्या जमान्यातले. त्यांना सगळा इतिहास सांगितला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गाडी पाच वेळा आली. आली तेव्हा पॉइंटचा गॅप किती होता, एकदा तरी मोजून लिहिलंस का?"

लिहिला नव्हता. कुणीच मोजला नव्हता. (पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला छोटा स्विच, तो उघडला की स्पार्क मिळतो. तो उघडतो ती फट म्हणजे गॅप.) काम कुठलंही असो, गाडी परत देताना गॅरेजमध्ये पॉइंट घासून गॅप नव्याने लावला जायचा, सवयीने. गाडी सुधारायची ती त्यामुळे, आणि श्रेय मिळायचं त्या दिवशी बदललेल्या पार्टला. म्हणून ज्यांच्या जुन्या पेट्रोल गाडीला हा त्रास ठरावीक दिवसांनी परत येतो, त्यांना माझं पहिलं सांगणं हे की दोष नेमाने परतत असेल तर गाडीत काहीतरी नेमाने झिजतंय, सैल होतंय किंवा तुंबतंय. ते शोधायचं तर दुरुस्तीच्या आधी मोजावं लागतं. एकदा नवा पार्ट बसला की पुरावा गेला.

आवाज कुठून आणि केव्हा

बॅक फायर म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने सांगतो. एक फटका कार्बोरेटरमधून येतो, एअर क्लीनरमध्ये शिंक आल्यासारखा. दुसरा मागे सायलेंसरमध्ये होतो. पहिल्याचा अर्थ असा की इनलेट व्हॉल्व्ह उघडा असताना सिलिंडरमध्ये आग होती. दुसऱ्याचा अर्थ, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये गेलं आणि तिथे पेटलं. दोन्हींची कारणं काही ठिकाणी एकमेकांत मिसळतात, पण शोधाची सुरुवात वेगळी होते.

आमच्या गाडीत इंजिन केबिनमध्येच, दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली आहे. त्यामुळे कार्बोरेटरचा फटका थेट कोपराखाली बसतो आणि चूक होत नाही. बोनेटच्या गाडीत एकाने चालवावी आणि दुसऱ्याने मागच्या बाजूला बसून ऐकावं.

मग केव्हा होतं ते बघायचं. थंड इंजिनाने सकाळी चोक परत आत दाबल्या दाबल्या एखादी शिंक दिली तर ते मनावर घेऊ नका. भरल्या गाडीने चढावर, एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर, उतारावर पाय काढल्यावर, की जागेवर उभी असतानाही ठेक्यात, या चार वेळांपैकी तुमची कुठली ते ठरवा. मी एका वहीत तारीख, चढ की उतार, इंजिन थंड की गरम, आणि आवाज पुढून की मागून एवढंच लिहायला लागलो. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. आमचा फटका मागून, चढावर, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. उतारावर पाय काढला की हलकी पटपट वेगळी. म्हणजे आमच्याकडे एक नव्हे, दोन दोष होते, आणि आम्ही दोन्ही एकाच नावाखाली सांगत होतो.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट. एअर क्लीनर काढून इंजिन चालू ठेवलं आणि कार्बोरेटरने फटका दिला तर ज्वाळा हातभर बाहेर येते. तोंड कार्बोरेटरवर नेऊन आत बघायचं ते इंजिन बंद असतानाच. जवळ अग्निशामक सिलिंडर नसेल तर निदान वाळूची बादली ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नाही. आणि हवा कुठून ओढते ते शोधायला पेट्रोल शिंपडायची जी पद्धत काही जण वापरतात ती कृपा करून वापरू नका, त्यासाठी तेलाच्या कुपीतलं साधं इंजिन ऑइल पुरतं.

पॉइंट, आणि त्याच्या मागे लपलेला शाफ्ट

जुन्या इंजिनात बहुतेक वेळा लोक आधी कार्बोरेटर खोलतात, कारण फटका पेट्रोलचा वाटतो. माझं मत उलट आहे. आधी करंट बघा. ते मोजता येतं, पटकन होतं, आणि काही उलटंसुलटं न करता परत लावता येतं. कार्बोरेटर एकदा उघडला की नवे दोष आपणच घालून बसतो.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने स्पार्क पोचवणारा भाग. त्याची कॅप आणि आत फिरणारा रोटर काढले की पॉइंट दिसतो. आतल्या कॅमला चार उंचवटे असतात, सिलिंडर चार म्हणून. पॉइंटची फायबरची टाच त्या उंचवट्यावर चढली की पॉइंट उघडतो आणि त्याच क्षणी कॉइल स्पार्क देते. टाच झिजली की पॉइंट कमी उघडतो, आणि कमी उघडतो म्हणजे उशिरा उघडतो. स्पार्क मागे पडतो, टायमिंग रिटार्ड होतं. मग मिश्रण पिस्टन खाली जाता जाताही जळत राहतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आग विझलेली नसते, मॅनिफोल्ड, म्हणजे धूर गोळा करणारी नळी, लालभडक होतो. अशा वेळी एखाद्या सिलिंडरने मिसिंग केलं, म्हणजे त्यातलं मिश्रण पेटलंच नाही, की त्याचं कच्चं पेट्रोल त्या तापलेल्या नळीत जातं आणि बार होतो. गाडी ओढत नाही, तापते, पेट्रोल जास्त खाते आणि फटाके फोडते, ही चार लक्षणं एकत्र असली तर टायमिंग मागे पडलंय असं समजून सुरुवात करायला हरकत नाही.

गॅप किती हवा? या इंजिनाच्या मूळ डिस्ट्रिब्युटरला ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. मात्र पन्नास वर्षांत कुणी लुकास पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर बसवलेला असू शकतो, त्याला ०.०१४ ते ०.०१६ इंच लागतो. आधी आपल्या गाडीत कुठला आहे ते बघून घ्या. नुसत्या अंदाजाने, पोस्टकार्डाच्या जाडीने किंवा ब्लेडने गॅप लावायची सवय सोडा. फिलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच, काही महाग येत नाही.

काकांनी आमच्या गाडीचा गॅप मोजला तेव्हा शेवटच्या दुरुस्तीला एकोणीस दिवस झाले होते. टाच उंचवट्याच्या बरोबर टोकावर आणून फिलर घातला. ०.०१३. लावला होता ०.०२०. मी म्हटलं, सापडला दोष. ते म्हणाले, "थांब. बाकीचे तीन उंचवटे कुठे मोजलेस?" गाडी टॉप गियरमध्ये टाकून वीतभर ढकलली, पुढचा उंचवटा टाचेखाली आला. ०.०१६. त्याच्या पुढचा ०.०१२. शेवटचा ०.०१५. एकच कॅम, एकच पॉइंट, आणि चार उंचवट्यांवर चार वेगवेगळे गॅप.

मग त्यांनी माझी बोटं शाफ्टवर ठेवली. रोटर बसतो ते टोक चिमटीत धरून आडवं हलवायला सांगितलं, फिरवायचं नाही, फक्त बाजूला ढकलायचं. टक्, टक्. जुन्या दाराच्या बिजागरीत असते तेवढी ढिल बोटाला स्पष्ट जाणवली. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट ज्या कड्यात फिरतो ते बुश खाल्लं होतं. शाफ्ट डोलत फिरत होता, त्यामुळे प्रत्येक सिलिंडरला स्पार्क वेगळ्या वेळी मिळत होता. तेवढंच नव्हे, डोलणारा कॅम टाचेवर धक्के मारत होता आणि टाच दुप्पट वेगाने घासत होती. कॅमवर ग्रीस तर नावालाही नव्हतं, धातू कोरडा चकचकीत दिसत होता आणि खाली फायबरचा तांबूस भुगा पडला होता.

तीन आठवड्यांचं कोडं तिथे सुटलं. नवा गॅप लावला की टाच झिजायला सुरुवात, विसाव्या दिवसाच्या आसपास गॅप इतका कमी की भरल्या गाडीने चढावर फटके. प्लग, कॉइल, कंडेन्सर, वायर, कशातच काही नव्हतं.

बुश बदलणं हे लेथवाल्याचं काम. डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी रोटरचं तोंड कुठे आहे आणि बॉडी कुठल्या कोनात आहे त्याची खडूने खूण करा, फोटो काढून ठेवा. काढल्यावर इंजिन फिरवू नका. लेथवाल्याने ब्राँझचं बुश करून, तेलात मुरवून बसवलं आणि शाफ्टच्या मापाला रीम केलं. शाफ्टच खाल्लेला असेल तर नुसतं बुश घालून उपयोग नाही, हे त्याला आधी मोजायला लावा. डिस्ट्रिब्युटर उघडलाच आहे तर प्लेटखालची अ‍ॅडव्हान्सची दोन वजनंही बघा. आमची गंजून अडकली नव्हती, पण नुसत्या उभ्या राहिलेल्या गाड्यांत ती हमखास अडकतात. अडकली की वेग वाढला तरी स्पार्क पुढे सरकत नाही, आणि लक्षणं पुन्हा रिटार्ड टायमिंगचीच दिसतात. रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेला पिळून सोडला की तो स्प्रिंगने टुणकन परत यायला हवा.

बसवताना कॅमवर काडीच्या गुलाएवढं ग्रीस, डिस्ट्रिब्युटरसाठीचं किंवा निदान उष्णतेत न वितळणारं. जास्त लावलंत तर ते उडून पॉइंटच्या तोंडावर बसेल आणि गाडी सुरूच होणार नाही. रोटरखालच्या नमद्यावर तेलाचे दोन थेंब, बाजूच्या तेलाच्या भोकात तीन-चार. हे भोक कुणी वर्षानुवर्षं बघितलेलंच नसतं. आमचं मातीने बुजलं होतं. बुश खाल्लं ते त्यामुळेच.

टायमिंग, एका बल्बवर

गॅप लावल्याशिवाय टायमिंग लावायचं नाही. गॅप हलला की टायमिंग हलतं, उलट होत नाही. या इंजिनाला स्पार्क पिस्टन वर पोहोचायच्या ५ अंश आधी हवा. स्ट्रोब लाइट, म्हणजे स्पार्कबरोबर लुकलुकणारा दिवा, असेल तर उत्तम, शिवाय शाफ्ट डोलत असेल तर स्ट्रोबच्या उजेडात पुलीवरची खूण एका जागी न थांबता नाचताना दिसते, म्हणजे निदानही होतं. नसेल तर १२ व्होल्टचा साधा इंडिकेटरचा बल्ब पुरतो.

प्लग काढून गाडी टॉप गियरमध्ये हळू पुढे ढकला. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवलं की कॉम्प्रेशनच्या फेरीला हवा बोट उडवते. त्या फेरीत पुलीची खूण ५ अंशांवर आणा. खूण पुढे निघून गेली तर मागे ओढून जुळवू नका. गाडी बरीच मागे घेऊन पुन्हा पुढे आणा, नाहीतर गियरमधली ढिल मापात येते. आता बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला. चावी चालू. पॉइंट बंद असेल तर बल्ब विझलेला, उघडला की पेटतो. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने थोडा फिरवा म्हणजे बल्ब विझेल, मग अगदी सावकाश उलट फिरवा. पेटला त्या जागी कसायचं. हे इंजिन वरून बघताना रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतं आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. चावी चालू ठेवून चहा प्यायला जाऊ नका, पॉइंट बंद असताना कॉइल तापत राहते.

पावसाळ्यात होणारा फटका

हा आमचा दोष नव्हता, पण शेजारच्या गावातल्या एका जीपचा होता आणि तो इतका फसवा आहे की लिहायलाच हवं. गाडी कोरड्या दिवशी ठीक, पावसात किंवा सकाळच्या धुक्यात कार्बोरेटरमधून जोरदार फटका. कारण डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत दोन टर्मिनलांच्या मध्ये गेलेली पेन्सिलच्या रेघेसारखी काळी रेघ. कॅपला तडा गेला, त्यात ओल आणि कार्बन बसला की करंट तिथून वाट काढतो.

आता बघा काय होतं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. एक नंबरला स्पार्क मिळतो तेव्हा तीन नंबर नुकताच मिश्रण ओढून घेऊन खाली आलेला असतो आणि त्याचा इनलेट व्हॉल्व्ह अजून पुरता मिटलेला नसतो. एकचा करंट कॅपमध्येच शेजारच्या तीनच्या टर्मिनलवर उडाला तर भरलेल्या सिलिंडरला उघड्या व्हॉल्व्हनिशी आग लागते, आणि ती ज्वाळा सरळ कार्बोरेटरमध्ये येते. म्हणून असा फटका सगळ्यात मोठा असतो. तपासायला रात्रीच्या अंधारात इंजिन चालू ठेवून कॅपवर आणि वायरींवर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या की कॅप बदलायची. ती रेघ ब्लेडने खरवडून तात्पुरती गाडी घरी नेता येते, कायमचा इलाज म्हणून नाही. दोन वायरींची अदलाबदल झाली तरी हेच होतं, फक्त ते पावसाची वाट बघत नाही. कुणी वायर काढल्यानंतर लगेच फटका सुरू झाला असेल तर आधी तेवढं बघा.

उतारावरची पटपट

आमचा दुसरा दोष. घाट उतरताना गाडी गियरमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला, आणि मागे पटपट पटपट. अशा वेळी थ्रॉटल बंद, सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटण्याइतकं जमत नाही, थोडं पेट्रोल कच्चंच एक्झॉस्टमध्ये जातं. एवढ्याने आवाज होत नाही, कारण तिथे ऑक्सिजन पुरेसा नसतो. मॅनिफोल्ड आणि खालच्या नळीच्या जोडावरची पॅकिंग फुटली असेल तर मात्र धक्क्याधक्क्याने बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ते पेट्रोल पेटतं.

सकाळी इंजिन थंड असताना चालू करून जोडाजवळ हात नेला तर झुळूक लागते, मागे नळीच्या तोंडाशी जाड ओला कपडा क्षणभर धरला की जोडावर फस फस ऐकू येते. आमच्या जोडावर काजळीचा पंखा उमटला होता, बघताक्षणी कळण्यासारखा. नवी पॅकिंग आणि दोन स्टड, एवढ्यात काम झालं. फ्लँज वाकडा असेल तर तो सपाट करून घ्या, नाहीतर महिन्यात पॅकिंग पुन्हा जाईल आणि तुमचाही दोष वेळापत्रकाने येणारा होईल.

इथेच एक विनवणी. पेट्रोल वाचवायला उतारावर चावी बंद करायची जुनी सवय काही ड्रायव्हरांना अजून आहे. चावी बंद, पण इंजिन चाकांनी फिरत राहतं, पेट्रोल ओढत राहतं आणि सगळा सायलेंसर कच्च्या मिश्रणाने भरतो. खाली चावी चालू केली की एकाच स्फोटात सायलेंसर फाटतो. मी फाटलेला बघितला आहे, शिवण उघडल्यासारखा. घाटात असं कधीच करू नका.

पेट्रोल कमी पडतं तेव्हा

कार्बोरेटरमधून शिंका, विशेषतः चढावर किंवा एकदम रेस केल्यावर, हे बहुधा मिश्रण पातळ असल्याचं लक्षण. पातळ मिश्रण सावकाश जळतं, इतकं की पुढच्या वेळी इनलेट उघडतो तोवर आत धग असते. याची खूण करायला गाडीतच साधन आहे, चोक. शिंका सुरू झाल्या की चोक किंचित ओढा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी बिघडली तर कारण दुसरं.

कमी पडण्याची कारणं नेहमीची आहेत. जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) कचरा, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची पातळी कमी लावलेली, पंपाचा डायफ्रॅम थकलेला, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं. शेवटचं ओळखायला सोपं आहे, शिंका सुरू झाल्यावर झाकण सैल करा, आत हवा शिरल्याचा आवाज येतो आणि गाडी पळायला लागते. एकदम रेस केल्यावरच शिंक येत असेल तर इंजिन बंद करून एअर क्लीनर काढा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबत आत बघा. पेट्रोलची सरळ पिचकारी उडायला हवी. नुसते थेंब पडले तर अ‍ॅक्सिलरेटर पंप खराब.

हवा चोरण्याच्या बाबतीत या इंजिनाची एक सोय आहे. त्याचा इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नाही, हेडमध्येच ओतलेला आहे. त्यामुळे शंकेच्या जागा थोड्याच राहतात. कार्बोरेटरच्या बुडाची पॅकिंग, थ्रॉटलचा झिजलेला शाफ्ट, आणि वायपरकडे किंवा पंपाकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी. इंजिन हळू चालू ठेवून तिथे ऑइलचे थेंब सोडा. इंजिनाचा आवाज बदलला की जागा सापडली.

यात आता पेट्रोलचीच भर पडली आहे. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साधारण १३.५. नव्या गाडीतला कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो, आमच्या कार्बोरेटरचा जेट ठरलेल्या भोकाचा, तो तेवढंच पेट्रोल सोडतो. म्हणजे काहीही न बिघडता मिश्रण सात-आठ टक्के पातळ झालं. जी गाडी आधीच काठावर होती ती यामुळे शिंकायला लागते. मी मेन जेट एक नंबर मोठा बसवला आणि भरल्या गाडीने घाट चढून, मध्येच सुरक्षित जागी थांबून, प्लग काढून बघितले. पांढरेफटक होते ते बिस्किटी तपकिरी झाले. इथेनॉल जुन्या टाकीतला डिंकही सोडवतं आणि तो जेटमध्ये येतो. फिल्टर सुरुवातीला दोनदा बदलावा लागला, रबरी नळ्या सगळ्याच बदलल्या. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत अर्धवट पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल हवेतली ओल धरतं आणि पाणी तळाशी बसतं.

ठेक्यात येणारा फटका

उभ्या गाडीतही, प्रत्येक फेरीला, घड्याळासारखा नेमाने फटका येत असेल तर करंट आणि पेट्रोल बाजूला ठेवून व्हॉल्व्हकडे वळा. मागून ठेक्यात येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला किंवा टॅपेट फार आवळलेला (म्हणजे व्हॉल्व्हची फट फार कमी), पुढून येत असेल तर इनलेट अडकलेला. या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, त्यामुळे टॅपेट दोन ठिकाणी लावावे लागतात आणि बाजूच्या कव्हरखालचे एक्झॉस्टचे बऱ्याचदा राहूनच जातात. थंड इंजिनावर इनलेटला ०.०१८ इंच, एक्झॉस्टला ०.०१६. मग कॉम्प्रेशन मोजायचं. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

व्हॅक्यूम गेज (इनटेकमधली ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारा) मिळाला तर जरूर लावा. चांगल्या इंजिनात समुद्रसपाटीला काटा १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो, आपल्याकडे सातारा-वाईच्या उंचीला दोनेक इंच कमी धरायचा. स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे किंवा हवेची गळती. ठरावीक अंतराने झटका मारून खाली येत असेल तर व्हॉल्व्ह. बुश बदलायच्या आधी आमचा काटा १३ वर थरथरत होता. आता १८.

बुश बसवून सात महिने झाले. या सात महिन्यांत मी पॉइंटला हात लावलेला नाही, फक्त दर महिन्याला कॅप काढून चारही उंचवट्यांवर फिलर घालतो आणि वहीत लिहितो. पहिल्या महिन्यात चारही ठिकाणी ०.०२० चा ०.०१९ झाला, नवी टाच कॅमवर बसते तेवढ्यापुरता. त्यानंतर जवळपास हलला नाही. काल पाचगणीहून भरून येताना घाटात मध्ये थांबलो, इंजिनाचं झाकण उचललं आणि शाफ्ट पुन्हा चिमटीत धरून बाजूला ढकलला. कुठेच टक् झालं नाही. वहीत लिहिलं: ०.०१९, ०.०१९, ०.०१८, ०.०१९. तेलाच्या भोकात तीन थेंब सोडले.